ठोकळ्यावरच्या अकरा पट्ट्या

प्रत्येक घरात काही कामं कुणी वाटून न देता वाटली जातात. या घरात सकाळचा चहा नवऱ्याने करायचा आणि त्याच्या हत्यारांना धार बायकोने लावायची. चहाचं सगळ्यांना ठाऊक होतं. धारेचं कुणालाच नाही.

नवऱ्याला सगळे वस्ताद म्हणायचे. घराच्या मागच्या खोलीत लेथ होता. त्यावर लाकूड गरगर फिरायचं आणि वस्ताद त्याला पटाशी टेकवून खुर्च्यांचे पाय, कठड्याचे दांडे, वाडगे, मुठी, जे म्हणाल ते कातून काढायचे. बायको शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची, म्हणून तिला सगळे बाई म्हणायचे. वस्ताद बोलके. बाई इतकं मोजून बोलायच्या की त्यांचा शब्द काट्यावर ठेवला तर बरोबर भरावा.

गिऱ्हाईक आलं की पटाशीच्या पात्यावरून हलकेच अंगठा फिरवायचं आणि म्हणायचं, "वस्ताद, ही धार कशी काय हो जमते?"

"धार हातात असते, साहेब," वस्ताद म्हणायचे. "दगडात नाही."

शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलेल्या बाई पुढच्या उत्तराला गुण द्यायच्या. कोणाच्या हातात, हे वस्तादांनी कधी सांगितलं नाही आणि बाईंनीही कधी विचारलं नाही.

याची सुरुवात बारा वर्षांपूर्वी झाली होती. तेव्हा वस्ताद रोज सकाळी ग्राइंडरशी भांडायचे. पटाशी हातात धरून फिरत्या चाकाला लावायची, ठिणग्या उडवायच्या, पोलाद निळं पडेपर्यंत जाळायचं, आणि मग दगडाला, विजेला आणि पोलाद बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवायची. नाचता येईना, अंगण वाकडं. एका रविवारी बाईंनी ती पटाशी खिडकीशी नेऊन पाहिली.

"रोज एकाच कोनात धरता का?"

"हाताला कळतं ते."

"मग याच्यावर पाच वेगवेगळे उतार का पडलेत?"

वस्तादांनी पटाशी परत घेऊन पात्यावरून बोट फिरवलं. मग ते म्हणाले, "आमचे गुरू धार लावताना पाठ फिरवायचे. मी सहा वर्षं त्यांची पाठ बघितली. त्यांच्या सदऱ्याची शिवण कुठे उसवली होती ते आजही सांगेन. धारेचं नाही सांगू शकत."

बाईंनी त्याच दिवशी खोक्याच्या फळ्यांमधून तीन वस्तू केल्या. पहिली दांडी. ती ग्राइंडरच्या खालून पुढेमागे सरकायची आणि तिच्या टोकाला एक तिकोनी खोबण होती. दुसरा चिमटा. लाकडाचे दोन गाल, मधून एक बोल्ट, खाली एक पाय. चिमट्यात पटाशी अडकवायची, ती बरोबर दोन इंच बाहेर ठेवायची, चिमट्याचा पाय खोबणीत टेकवायचा, पातं चाकावर ठेवायचं आणि हात लंबकासारखा डावी-उजवीकडे झुलवायचा. हात थकलेला असो की चिडलेला, कोन तोच. तिसरा होता ठोकळा, वीतभर लांबीचा. त्याचं एक टोक चाकाला आणि दुसरं खोबणीत असं धरायचं, दांडी त्याला भिडेपर्यंत सरकवायची आणि आवळून टाकायची. चाक आणि खोबण यांच्यात तेवढं अंतर असलं की पटाशीचा उतार पंचेचाळीस अंशांचा येणार म्हणजे येणार.

एकच गोम होती. चाक झिजतं. ते लहान झालं की त्याच अंतराला कोन थोडा बदलतो. बाईंनी वहीत गणित मांडलं आणि दर वर्षी ठोकळ्याच्या टोकाला जुन्या पोस्टकार्डाची एक पट्टी चिकटवायची असं ठरवलं. पट्टीवर पेन्सिलीने साल लिहायचं. चाक झिजत गेलं, ठोकळा वाढत गेला. आता त्यावर अकरा पट्ट्या होत्या, एखाद्या छोट्या पुस्तकाच्या पानांसारख्या.

बोथट पटाश्या लेथच्या डाव्या बाजूला ठेवायच्या आणि सकाळी त्या उजव्या बाजूला सापडायच्या. बारा वर्षांत यावर एक वाक्यही खर्ची पडलं नव्हतं.

मग ते पत्र आलं.

त्याचं मूळ नणंदेत होतं. ती वरच्या मजल्यावर राहायची, शिवणकाम करायची आणि कापडापेक्षा वर्तमानपत्रं जास्त कापायची. तंत्रशाळेला लाकूड कातकाम शिकवणारा माणूस हवाय, ही जाहिरात तिनेच कापून आणली. "दादा, अर्ज कर. तसाही तू दिवसभर लाकडाला शिकवत असतोस. मुलं निदान मान तरी हलवतील."

वस्तादांनी अर्ज केला, आणि केला तो मनापासून. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांना एकच गोष्ट हवी होती. जे आपल्याला चोरून शिकावं लागलं, ते उजेडात उभं राहून कुणालातरी शिकवायचं. हे त्यांनी फक्त बाईंना सांगितलं होतं, तेही चहा गाळता गाळता, जणू साखरेबद्दल बोलत असावेत असं.

पत्रात लिहिलं होतं की दोन उमेदवार निवडले आहेत आणि पुढच्या गुरुवारी प्रात्यक्षिक आहे. वस्ताद ते मोठ्याने वाचत होते. दुसऱ्या कलमाशी त्यांचा आवाज विहिरीत पडला.

बाईंनी पत्र हातात घेतलं. 'उमेदवाराने संस्थेने दिलेल्या बोथट पटाशीला संस्थेच्याच ग्राइंडरवर समितीसमोर धार लावावी. उतार पंचेचाळीस अंशांचा राखावा. त्याच पटाशीने वाडगा कातून दाखवावा. साहाय्यक साधने स्वतःची आणता येतील.'

"झालं," वस्ताद म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची होती. आता ती समितीसमोर उघडायची."

"आठवडा आहे."

"पोट दुखतंय म्हणून कळवू का?"

"आठवडाभर आधी कळवलेली पोटदुखी कुणी मानत नाही."

"तू ये ना माझ्याबरोबर. मी लेथपाशी उभा राहतो, तू ग्राइंडरपाशी."

"नोकरी एकच आहे," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सहाला. चहा मी करते."

तो चहा कसा झाला याबद्दल न बोललेलं बरं. पण सहाला शिकवणी सुरू झाली. बाई शाळेत शिकवत तशाच इथेही शिकवत. एकदा करून दाखवायचं, मग बाजूला व्हायचं आणि हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. वस्तादांनी पहिल्या दिवशी पटाशी चिमट्यात सव्वादोन इंच बाहेर ठेवली.

"पाव इंचानं काय आभाळ कोसळतंय?"

"आभाळ नाही. कोन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी इतका जोर लावला की पातं निळं झालं. बाईंनी फक्त पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. तिसऱ्या दिवशी त्या मार्कर पेन घेऊन आल्या.

"हे कशाला?"

"उतारावर शाई लावायची. चाक चालू करायचं नाही. पटाशी टेकवायची आणि चाक हाताने एक फेरा फिरवायचं. शाई कुठे पुसली ते बघायचं. पूर्ण उतारावर पुसली तर कोन बरोबर. फक्त धारेकडे पुसली तर कोन जास्त बोथट, ठोकळा लांब झालाय. फक्त टाचेकडे, म्हणजे उताराच्या मागच्या कडेला, पुसली तर ठोकळा कमी पडतोय."

वस्तादांनी पेनाचं टोपण काढलं आणि पटाशीला म्हणाले, "ये गं, तुला काजळ घालतो. आज बघायला येणार आहेत."

"रोज करायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "ठोकळा बरोबर असतोच. मी कित्येक वर्षांत शाई लावलेली नाही. पण परक्या ठिकाणी एकदा तरी."

"तुझा ठोकळा आणि चुकेल?"

"पद्धत म्हणून."

पाचव्या दिवशी नणंद वाटी परत द्यायला खाली आली आणि भावाच्या हाताकडे बघत राहिली. "दादा, तुझ्या हातावरचे केस कुठे गेले?"

धार पाहण्यासाठी वस्तादांनी मनगटापासून कोपरापर्यंत हात भादरला होता. "उन्हाळा आहे," ते म्हणाले.

"एकाच हाताला?"

सहाव्या दिवशी पातं खिडकीशी धरलं तर त्यावर एकच उतार होता. धारेपासून टाचेपर्यंत सलग, मधे एकही ओरखडा नाही. खिडकीचे गज त्यात दिसत होते. वस्ताद बराच वेळ बघत राहिले. बाई शाळेत जायला निघाल्या, पण दारात थांबून म्हणाल्या, "बरा आहे." त्यांच्या तोंडून 'बरा' म्हणजे इतरांच्या तोंडचा टाळ्यांचा कडकडाट.

बाईंनी आपल्या परीने कशातही कसर ठेवली नाही. तंत्रशाळेत फोन करून त्यांनी ग्राइंडरच्या चाकाचा मध्य टेबलापासून किती उंच आहे ते विचारलं आणि दांडीची बैठक त्याप्रमाणे बदलली. टेबलाची जाडी विचारली. चाक किती इंची आहे तेही विचारलं. "आठ इंची," तिकडचा कारकून म्हणाला. आपलंही आठ इंचीच, असं म्हणून बाईंनी वहीत खूण केली. मग दांडी, चिमटा, ठोकळा आणि मार्कर एका कापडी पिशवीत भरून ती त्यांनी वस्तादांच्या हातात दिली.

गुरुवारी बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. प्रात्यक्षिक सगळ्यांना खुलं होतं. लांबट दालन, उंच खिडक्या, एका भिंतीला चार लेथ, कोपऱ्यात ग्राइंडर. बाकांवर पंधरा-वीस विद्यार्थी होते. बाई आणि नणंद शेवटच्या बाकावर बसल्या. पुढे प्राचार्य होते आणि त्यांच्या शेजारी परीक्षक. हे परीक्षक म्हणजे ओतकामासाठी लाकडी साचे करण्यात आयुष्य घालवलेले एक म्हातारे गृहस्थ. त्यांच्या हातात पत्र्याची एक चकती होती. तिला पंचेचाळीस अंशांची खाच होती. धार लावून झाली की पटाशी त्या खाचेत बसवून पाहायची.

पहिला उमेदवार मिशीवाला होता, वस्तादांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याने पटाशी घेतली, ग्राइंडर चालू केला आणि नुसत्या हाताने चार मिनिटांत धार लावून मोकळा झाला. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी खाच लावून पाहिली आणि मान हलवली. वाडगाही सुबक झाला.

"हा भारी आहे गं, वहिनी," नणंद कुजबुजली. "पण आपल्या दादाच्या धारेपुढे कोण टिकतोय!"

बाईंनी पर्स हातात धरली आणि पुढे बघितलं.

वस्तादांनी पिशवीतून तिन्ही वस्तू काढल्या तेव्हा बाकांवर खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "आजोबांची खेळणी." वस्तादांनी लक्ष दिलं नाही. ग्राइंडर भिंतीच्या कोपऱ्यात होता, त्यामुळे ते सगळ्यांकडे पाठ करून वाकले आणि दांडी आवळायला लागले. परीक्षकांनी त्यांना जरा बाजूला करून दुसरी बोथट पटाशी टेबलावर ठेवली, आणि तेवढ्या फटीतून बाईंना चाक दिसलं.

चाक मोठं होतं. कडा कोऱ्या होत्या आणि बाजूला कागदाचं लेबल तसंच होतं.

बाईंच्या हातातली पर्स मांडीवर सरकली. आठ इंची. कारकून खोटं बोलला नव्हता. घरचं चाक आठ इंची म्हणून घेतलं होतं, पावतीवर आठ इंची होतं आणि बाईंच्या वहीतही आठ इंची होतं. पण बारा वर्षांत झिजून ते साडेसहावर आलं होतं, आणि हे बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या अकरा पट्ट्या त्यांनीच तर चिकटवल्या होत्या! आणि त्या सगळ्या पट्ट्यांसकट तो ठोकळा त्यांनी कोऱ्या चाकासाठी पिशवीत भरून दिला होता.

गणित आपोआप झालं. तीन-साडेतीन अंश जास्त. खाचेत पटाशी बसणार नाही. आणि वाडगा कातताना हाताच्या सवयीने उतार लाकडावर टेकवला तर पटाशी नुसती घासत राहील. ती कापावी म्हणून मूठ उचलली की खाड्कन रुतेल आणि वाडगा भिंतीवर जाऊन आदळेल. विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर बाईंनी त्याला शून्य दिलं असतं आणि शेरा लिहिला असता: 'लेबल वाचू नये, मोजावं.'

"वहिनी, तुझा चेहरा का असा झालाय?"

"पुढे बघ."

बोलायची सोय नव्हती. प्राचार्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की उमेदवाराबरोबर आलेल्या कुणी सूचना केली तर उमेदवार बाद. बाई हात बांधून बसल्या. वस्तादांनी ठोकळा लावला, दांडी सरकवली, आवळली. आता त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्यांनी ग्राइंडरचं बटण दाबलं की संपलं.

बटणाचा आवाज आला नाही. टक् असा बारीक आवाज झाला आणि काहीतरी काळं घरंगळत पहिल्या बाकाखाली गेलं. मार्करचं टोपण.

काजळ. बाईंनी श्वास सोडला.

वस्तादांनी चाक हाताने फिरवलेलं त्यांच्या खांद्यावरून कळलं. मग ते वाकून पातं बघत राहिले. बराच वेळ. पुन्हा शाई, पुन्हा फेरा. मग त्यांनी ठोकळा उचलून डोळ्यांसमोर धरला, चाकाकडे पाहिलं, पुन्हा ठोकळ्याकडे. बाई मनातल्या मनात एकच शब्द म्हणत होत्या, आणि तो शब्द त्यांनी याआधी कधी इतक्या जोरात म्हटला नव्हता: पट्ट्या.

वस्तादांनी अंगठ्याचं नख सगळ्यात वरच्या पट्टीखाली घातलं आणि ती सोलली.

"काय चाललंय तिकडे?" परीक्षकांनी विचारलं. "आम्हाला नुसती तुमची पाठ दिसतेय."

वस्तादांचा हात जागच्या जागी थांबला. त्या वाक्याने त्यांना कुठे नेऊन सोडलं असेल ते दालनात फक्त बाईंना कळलं. उसवलेल्या शिवणीचा एक सदरा, आणि त्यामागे उभं राहून माना उंच करणारी सहा वर्षं.

ते वळले. हळूहळू वळले, पण पुरते वळले.

"चुकलं," ते म्हणाले. "या. सगळे इकडे या. असे गोल उभे राहा. ए, तू जरा बाजूला हो, मागच्याला दिसत नाहीये."

बाक सरकले. विद्यार्थी ग्राइंडरभोवती जमले, परीक्षक खुर्ची घेऊनच पुढे आले. वस्तादांनी पातं उंच धरलं.

"हे बघा. शाई फक्त धारेकडे पुसलीय. याचा अर्थ काय? ठोकळा लांब आहे. का लांब आहे? कारण हा ठोकळा माझ्या घरच्या चाकाचा आहे, ते झिजलंय. तुमचं कोरं आहे. घरचं चाक वर्षाला जितकं झिजलं, त्या हिशेबानं यावर एकेक पट्टी चढली. अकरा वर्षांच्या अकरा. आता आपण उलटे जायचं."

"मग सगळ्या एकदम काढा की," मिशीवाला मागून म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, कुतूहल होतं.

"नाही. शाई सांगेल तेवढ्याच."

एक पट्टी सोलायची, शर्टाच्या खिशात ठेवायची. ठोकळा लावायचा, दांडी आवळायची. शाई, फेरा, बघायचं. पातं ते हातोहात फिरवत होते, म्हणजे प्रत्येकाला पुसलेला भाग दिसावा. सहाव्या पट्टीनंतर विद्यार्थीच ओरडायला लागले, "अजून नाही! अजून टाचेकडे शाई आहे!" प्राचार्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाहायचं विसरले.

"ही कल्पना कुणाची?" परीक्षकांनी विचारलं.

वस्तादांनी आठवी पट्टी खिशात ठेवली. "माझ्या बायकोची. हे तिन्ही तिनंच केलंय. बारा वर्षं माझ्या हत्यारांना धारही तीच लावते. मी लोकांना सांगत आलो की धार माझ्या हातात आहे. मी शिकलो गेल्या आठवड्यात."

शेवटच्या बाकावर नणंदेचं तोंड अगदी सावकाश बाईंकडे वळलं.

"वहिनी?"

"पुढे बघ म्हटलं ना."

"बारा वर्षं? आणि मी वरच्या मजल्यावर राहून जगाला सांगत फिरतेय, माझ्या भावाचा हात, माझ्या भावाचा हात!"

दहाव्या पट्टीनंतर वस्तादांनी चाक फिरवलं आणि शाई धारेपासून टाचेपर्यंत सारखी पुसली गेली. विद्यार्थ्यांनी एकच गिल्ला केला. वस्ताद थांबले. बाई चुळबुळल्या. एक राहिली. अकरा काढायला हव्यात, गणितात अकरा येतात. वस्तादांनी ठोकळा खाली ठेवला आणि ग्राइंडर चालू केला.

हलका झुला, डावीकडून उजवीकडे. ठिणग्यांची बारीक फुलबाजी. पाण्यात बुडवणं, पुन्हा झुला. दोन मिनिटांत त्यांनी पटाशी परीक्षकांच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती खाचेत बसवली, उजेडाकडे धरली आणि खाचेतून उजेड येतोय का ते एक डोळा मिटून पाहिलं.

"केसाएवढीही फट नाही," ते म्हणाले. मग चाकाची ताजी घासलेली कड पाहून, "हे आज सकाळी कुणी साफ केलं?"

"मी," एक विद्यार्थी म्हणाला. "कडेने वाकडं होतं म्हणून वरून थोडं घासून सपाट केलं."

म्हणजे चाक लेबलाएवढं कोरं नव्हतं. अकरावी पट्टी त्या घासण्यात गेली होती. बाईंचं गणित बरोबर होतं, चाक मात्र गणितातलं नव्हतं. बाईंनी स्वतःशीच मान हलवली. त्यांना राग आला नाही. उलट पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गाला हे कसं सांगायचं याचं पहिलं वाक्य त्यांना तिथेच सुचलं.

पुढचं वस्तादांचं होतं. लेथ सुरू झाला आणि पटाशी लाकडाला लागली. लांबच लांब ढलप्या निघून त्यांच्या भादरलेल्या हातावरून घसरत खाली पडत होत्या. लाकूड कुठे कुरकुरलं नाही. वाडगा खाली उतरला तेव्हा परीक्षकांनी तो पॉलिशपेपर न लावताच गालाला लावून पाहिला आणि हसले.

"वेळ फार घेतलात," प्राचार्य म्हणाले.

"पाऊण तास," वस्ताद म्हणाले. "पण आता यातले पंधरा जण हे उद्या माझ्याशिवाय करतील."

प्राचार्य म्हणाले, "कळवू."

परतीच्या रस्त्यावर नणंद पुढे निघाली, कारण ही बातमी पोटात ठेवणं तिला शक्य नव्हतं. हे दोघं मागून चालत होते.

"चूक माझी होती," बाई म्हणाल्या. "मी आकडा विचारला. व्यास मोजायला हवा होता."

"मला वाटलं माझंच काही चुकलं. चिमटा तपासला, दोन इंच तपासलं, दुसऱ्यांदा शाई लावली. तुझ्या ठोकळ्यावर शंका घ्यायची माझी काय बिशाद! शेवटी काहीच उरलं नाही, तेव्हा ठोकळ्याकडे बघितलं."

"मी असते तर शाई लावलीच नसती," बाई म्हणाल्या. "ठोकळा बरोबर आहे असं धरून पुढे गेले असते."

वस्तादांनी रस्त्यातच थांबून त्यांच्याकडे पाहिलं. "हे वाक्य वहीत लिहून सही करून देशील?"

"नाही."

पत्र नवव्या दिवशी आलं. नेमणूक झाली होती. त्याखाली परीक्षकांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली होती: 'पहिल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याने दांडी, चिमटा आणि ठोकळा स्वतः करावा. लागणाऱ्या साहित्याची यादी आपल्या पत्नीकडून मागवावी.' बाईंनी यादी त्याच संध्याकाळी केली. शेवटची ओळ होती: 'मार्कर, वीस. टोपणासकट.'

तो ठोकळा तंत्रशाळेच्या चाकापाशीच राहिला, एका पट्टीनिशी. घरच्यासाठी नवा करावा लागला. तो वस्तादांनी केला. खिशातल्या दहा पट्ट्या सालांच्या क्रमाने चिकटवल्या, तिथे राहिलेल्या एकीच्या जागी नवी कापली आणि त्यावर स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात चालू वर्षासाठी बारावी चढवली. बाईंनी ठोकळा मोजला, चाकही मोजलं, आणि मग शाई लावून पाहिलं. पूर्ण पुसली.

चहा पुन्हा वस्तादांकडे गेला. त्याबाबतीत दोघांचंच नाही, नणंदेचंही एकमत होतं. सकाळच्या धारेचं काम आता वस्ताद करत, त्यामुळे बाईंच्या हाताशी रोज वीस मिनिटं उरायला लागली. पहिले काही दिवस त्यांनी ती पेपरांवर घालवली. मग एका सकाळी त्या मागच्या खोलीत आल्या, साडीचा पदर खोचला आणि उजव्या बाजूची पटाशी उचलली.

"काय करतेस?"

"धार बघते."

"अंगठा फिरवून बघ की."

"अंगठ्याला काय कळतं," बाई म्हणाल्या आणि लेथसमोर उभ्या राहिल्या. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

वस्तादांनी एक ओबडधोबड लाकूड लेथवर चढवलं, सुरू केलं आणि बाजूला होऊन हात पाठीमागे बांधले. "आधी टाच टेकव. मग मूठ हळूच उचल. सैल धर गं, पळून नाही जात ती."

पहिल्यांदा नुसती घसघस झाली. दुसऱ्यांदा पटाशी दचकली, बाईही दचकल्या, आणि लाकडावर एक खोल खाच पडली. वस्तादांचे हात पाठीमागेच राहिले. तिसऱ्यांदा एक पातळ, गुंडाळलेली ढलपी पात्यावरून वर आली आणि बाईंच्या मनगटावर येऊन बसली.

बाईंनी लेथ बंद केला. ढलपी उचलून खिडकीशी नेली आणि उजेडात धरून तिची जाडी पाहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"बरी आहे," त्या म्हणाल्या.

वस्ताद चहा गाळायला आत गेले.